पिवळ्याखालचा तांबडा: घरी रंगवलेल्या एका मिनी बाईकचं प्रकरण

श्रावणातला रविवार, दुपारचे साडेतीन. मागच्या पडवीत तारेला टांगलेल्या छोट्या फ्रेमवर मी पिवळ्या स्प्रेचा दुसरा हात मारला आणि रंग डोळ्यांदेखत आक्रसायला लागला. आधी वेल्डिंगच्या सांध्याजवळ एक सुरकुती उठली, मग तिच्या शेजारी दुसरी. मिनिटभरात वरच्या पाइपची दशा अशी, की तापवलेल्या दुधावरची साय कुणी चमच्यानं एका कडेला लोटलीय. भाचा शेजारीच उभा होता. त्यानं वाकून निरखून बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्ये डिझाइन हाय व्हय?"

डिझाइन नव्हतं. माल रिजेक्ट होता.

मी पेंटर नाही. कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका मशिनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. नापास झालेला जॉब हातात घ्यायचा, का नापास झाला ते शोधायचं आणि कागदावर उतरवायचं, हे माझं रोजचं काम. दुसऱ्याच्या चुकीवर रिपोर्ट लिहिताना पेन कसं भरभर चालतं. स्वतःच्या चुकीवर लिहायला मला दिवाळी उजाडली. हा तो रिपोर्ट, फक्त तक्त्यात बसवलेला नाही.

माल

गाडी म्हणजे गुडघ्याएवढी मिनी बाईक. ४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून सुरू होणारं. फ्रेम आमच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरनं २५ मिलिमीटरच्या ईआरडब्ल्यू, म्हणजे विजेनं शिवण जोडलेल्या पाइपमधून वाकवून, वेल्ड मारून दिलेली. टाकी १८ गेजच्या पत्र्याची, दीड लिटरची. चिमटा, हँडल, मागचं छोटं मडगार्ड, सगळं हातानं बनवलेलं, म्हणून सगळं उघडं लोखंड. भाचा अकरा वर्षांचा. त्याची मागणी एकच: गाडी पिवळी पाहिजे, दसऱ्याला पूजेत पाहिजे.

ही जात जुनी आहे. होंडानं १९६१ मध्ये तामा टेक या आपल्या करमणूक उद्यानासाठी मुलांची झेड-१०० बनवली, ती ४९ सीसी आणि पाच इंची चाकांची. पुढं मोठी माणसंच तिच्या प्रेमात पडली. आपल्याकडं १९७२ साली ५० सीसीची लूना आली आणि तिच्यावर आख्खा संसार फिरला, त्यामुळं या मापाच्या इंजिनाला हसायचं कारण नाही. कायदाही हसत नाही. मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी 'मोटार वाहन' धरत नाहीत, पण आमची ४९ ची. म्हणजे रस्त्यावर आणायची तर नोंदणी, लायसन सगळं आलं, आणि ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीलाही सार्वजनिक जागी चालवायचं वय किमान सोळा. तेव्हा ताईनं आणि दाजींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: गाडी फक्त कागलच्या शेतात, बांधाकडेच्या वाटेवर, हेल्मेट घालून. रंगाइतकंच हेही आधी ठरलेलं बरं.

संशयित

सुरकुतलेल्या फ्रेमकडं बघून प्रत्येकाचं निदान तयार होतं. दाजी म्हणाले, पावसाची हवा. फॅब्रिकेटर म्हणाला, पाइपला कारखान्याचं तेल असतंय, ते तू नीट काढलं नसशील. स्प्रेचा डबा जिथून घेतला तो दुकानदार म्हणाला, तुम्ही जाड मारला. मला स्वतःला वाटत होतं, डबाच जुनाट निघाला.

आमच्याकडं एक सवय आहे: कारण शोधण्याआधी दोष नीट बघायचा. रंगाचा प्रत्येक दोष वेगळा दिसतो. खाली तेल किंवा सिलिकॉन राहिलं तर रंग तिथून पळतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. पेंटर त्याला माशाचे डोळे म्हणतात. दमट हवा असली तर रंगावर दुधी पांढरट झाक येते. जाड मारला तर ओघळ येतो. माझ्या फ्रेमवर खड्डे नव्हते, झाक नव्हती, ओघळही नव्हता. सुरकुत्या होत्या, आणि त्यासुद्धा सगळीकडं नाही. सांध्यांजवळ दाट, पाइपच्या मधल्या भागात तुरळक, आणि टाकीवर जवळजवळ नाहीच.

सांध्यांजवळ वेगळं काय होतं? शनिवारी मी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला रेड ऑक्साइड प्रायमर ब्रशनं लावला होता, तोच जो गेटला, खिडकीच्या ग्रिलला लावतात. ब्रश कोपऱ्यात अडकतो आणि तिथं माल साठतो. टाकीवर मात्र प्रायमर पातळ होता आणि ती शनिवारी दुपारीच उन्हात ठेवली होती. म्हणजे जिथं तांबडा प्रायमर जाड आणि कच्चा, तिथं पिवळा फाटला. संशय वरच्या रंगावरून खालच्यावर सरकला.

रविवारी रात्री आईनं जपून ठेवलेल्या जुन्या डब्यांची पाच झाकणं मी मागून घेतली. "परत देतो" म्हणालो, ते तिनं अजून धरून ठेवलंय. पाचही झाकणं घासून थिनरनं पुसली. पहिल्यावर काही न लावता थेट पिवळा. दुसऱ्यावर रेड ऑक्साइड, एक दिवस वाळवून जाड पिवळा. तिसऱ्यावर तेच, पण पिवळा नुसत्या धुक्यासारखा, तीन हातांत. चौथ्यावर रेड ऑक्साइड लावून झाकण पंधरा दिवस माळ्यावर, आणि मग पिवळा. पाचव्यावर ऑटोमोबाइल पेंटच्या दुकानातला राखाडी एनसी सरफेसर (एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, नुसता थिनर उडून वाळणारी जात; सरफेसर म्हणजे रंगाखालचा थर) आणि तासाभरानं पिवळा.

पहिलं ठीक. दुसरं फ्रेमसारखंच गोळा झालं. तिसरं दोन हातांपर्यंत गप्प राहिलं आणि तिसऱ्याला सुरकुतलं. पाचवं काचेसारखं बसलं. चौथ्याचा निकाल पंधरा दिवसांनी लागला, आणि तेही टिकलं.

म्हणजे गुन्हेगार रेड ऑक्साइड नव्हता, माझी घाई होती. हा प्रायमर तेलाच्या जातीचा. तो दोनदा वाळतो. आधी त्यातला टर्पेंटाइन उडून जातो आणि बोट लावलं की कोरडा वाटतो. तिथंच आपण फसतो. मग आतलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि त्याला दिवस नाही, आठवडे लागतात. स्प्रेच्या डब्यातला रंग वेगळ्या जातीचा. त्यात ॲसिटोन, टोल्यूइनसारखी जहाल द्रावणं असतात. ती खालच्या अर्धवट वाळलेल्या थरात शिरतात, थर फुगतो, बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून वर उचलला जातो. बारीक धुक्यासारखा मारला तर द्रावण आत शिरायच्या आधीच उडून जातं, म्हणून तिसऱ्या झाकणानं दोन हात दम धरला.

पुढं एका पेंटरनं दोन मिनिटांची चाचणी शिकवली, ती आधी माहीत असती तर एक रविवार वाचला असता. जुना किंवा अनोळखी थर असेल तर चिंधीवर एनसी थिनर घेऊन कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरायची. रंग चिंधीला लागून विरघळला तर तो एनसी जातीचा, त्यावर एनसी चालेल. सुरकुतला तर तेलाचा, त्याच्या वाटेला जाऊ नका. काहीच झालं नाही तर हार्डनरचा किंवा भट्टीतला पक्का थर, घासून पुढं चला.

दुसरी फेरी

सगळं काढावं लागलं. पेंट रिमूव्हर लावला, हातमोज्याच्या वर मनगटावर थेंब उडाला आणि तिथं दोन दिवस लाल चट्टा राहिला. सपाट भाग पटकन निघाला; वेल्डिंगच्या मण्यांमधले बारीक खड्डे मात्र ग्राइंडरच्या वायर ब्रशलाही सापडेनात. दीड तास दाभणानं टोकरत बसलो. आणि पावसाळ्यात उघडं लोखंड म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं: झाकून ठेवलेल्या फ्रेमवर रात्रीत तांबूस धूळ चढलेली. तेव्हापासून नियम केला. ज्या दिवशी लोखंड उघडं करायचं, त्याच दिवशी त्याला प्रायमर घालायचा. प्रायमर घालायला वेळ नसेल तर घासायला बसायचंच नाही.

तोवर गणपती आले, आणि हे आमच्या पथ्यावर पडलं. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत ओळखीचे एक मूर्तिकार आहेत. गल्लीत त्यांना सगळे बापूच म्हणतात. गणपतीच्या आधी त्यांच्या कॉम्प्रेसरला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि विसर्जनानंतर तो कोपऱ्यात पडून असतो. अनंत चतुर्दशीपासून दसरा पंचवीस-सव्वीस दिवसांवर. बापूंनी कॉम्प्रेसर, १.४ मिलिमीटर नोझलची स्प्रे गन आणि न मागता सल्ले, असं सगळं दिलं.

पहिला सल्ला कॉम्प्रेसरच्या बुडाचा कॉक उघडायचा. उघडला तर ग्लासभर गढूळ तांबूस पाणी निघालं. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साठतं, आणि काढलं नाही तर तेच गनमधून रंगाबरोबर येतं. मधे पाणी अडवणारा फिल्टर लावला, तरी दर अर्ध्या तासानं कॉक उघडायचं काम भाच्याकडं दिलं. ते त्यानं रंगकामापेक्षा जास्त मन लावून केलं.

सांध्यांवरचे खड्डे भरताना मी आणखी एक चूक केली, ती थोडक्यात सांगतो. खोल खड्ड्यात एनसी लांबी (पुट्टी) भरली. ही लांबी पातळ ओरखड्यांसाठी असते, द्रावण उडेल तशी बसत जाते. चार दिवसांनी भरलेली जागा पुन्हा खळगी. काढून तिथं हार्डनर मिसळायचा बॉडी फिलर भरला. तो उडून नाही, रासायनिक क्रियेनं घट्ट होतो, म्हणून आकसत नाही म्हटलं तरी चालेल.

मग राखाडी सरफेसर, आणि त्यावर काळ्या रंगाचा नुसता फवारा. याला गाइड कोट म्हणतात. वर ६०० नंबरचा पाणपेपर फिरवला की उंच भागावरचा काळा निघून जातो आणि जिथं खळगी आहे तिथं काळा ठिपका राहतो. आपलं बोट खोटं बोलतं, काळा ठिपका बोलत नाही. कारखान्यात आम्ही सपाटी तपासायला निळं लावतो, त्याचाच हा भाऊ. एका फ्रेमवर मला अकरा ठिपके सापडले, त्यातले चार मी आधी हात फिरवून "एकदम गुळगुळीत" म्हणून पास केलेले.

हवा

दाजींचं निदान पहिल्या गुन्ह्याला लागू नव्हतं, पण ते अगदीच चूक नव्हतं. त्यांचा पाऊस दुसऱ्या फेरीत आला.

मडगार्डवर मी हौसेनं संध्याकाळी सहाला रंग मारला. दहा मिनिटांत वर धुरकट पांढरी झाक, जणू कुणी ताकाचा हात फिरवला. कारण साधं आहे. थिनर भराभर उडतो तेव्हा पत्रा थंड पडतो, माठातलं पाणी गार होतं तसाच. हवा दमट असेल तर त्या थंड पत्र्यावर दव धरतं आणि ओल्या रंगात अडकतं. रंगकामात धरतात तो हिशोब असा: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव धरायला लागतं त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश वर पाहिजे. २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २४ च्या वर असतो, म्हणजे रंग मारायच्या आधीच आपण काठावर. तेच २७ अंशाला आर्द्रता ६० टक्क्यांवर आली की दवबिंदू साडेअठराच्या आसपास उतरतो आणि ऐसपैस जागा मिळते. भिंतीवर लावायचा छोटा आर्द्रतामापक आणला आणि पडवीत खिळ्याला अडकवला. त्या आठवड्यात सकाळी सातला तो ९० दाखवायचा, दुपारी बारा ते तीन साठ-पासष्ट. मग ठरलं, रंग फक्त त्या तीन तासांत. ऑफिसला दोन अर्ध्या सुट्ट्या टाकल्या आणि कारण 'घरगुती काम' लिहिलं.

मडगार्ड मात्र वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, कोरड्या हवेत, हळू उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारला. वरचा थर पुन्हा ओला झाला, अडकलेलं पाणी निघून गेलं, झाक गेली. एनसीचा हा एक मोठा गुण: तो विरघळून पुन्हा बसतो. त्याचा मोठा अवगुणही हाच, पण तो पुढं येतोय.

पिवळा

पिवळ्यासारखा फसवा रंग नाही. डब्यात हळदीसारखा भरगच्च दिसतो आणि अंगावर गेला की झिरझिरीत. खालचा रंग तो झाकत नाही. राखाडी सरफेसरवर मारून बघितला तर कच्च्या लिंबासारखा हिरवट दिसला, चार हात देऊनही. तांबड्यावर तर मळकट नारिंगी झाला असता, म्हणजे पहिली फेरी सुरकुतली नसती तरी फसलीच असती. उपाय एकच, खाली पांढरा. पांढऱ्यावर तीन हातांत पिवळा पिवळा झाला.

जुने पेंटर सांगतात की पूर्वीचा पिवळा एका हातात झाकायचा. खरं आहे, लेड क्रोमेटचा पिवळा तसा असतोच. पण त्यात शिसं. आपल्याकडं घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम २०१६ साली झाला. तो आहे मात्र तेवढ्याच रंगांपुरता; गाड्यांचा आणि कारखान्याचा रंग त्यात येत नाही. म्हणून रंग मिक्स करून घेताना दुकानात स्पष्ट विचारलं, शिसं नसलेला पिवळा पाहिजे, पोराची गाडी आहे. दुकानदारानं एकदा चष्म्यावरून बघितलं आणि दुसरा डबा काढला. एक-दोन हात जास्त लागले तर लागू देत.

पाइपची फ्रेम रंगवणं हे पत्रा रंगवण्यासारखं नाही. गोल पाइपवर गन धरली की निम्मा रंग हवेत जातो, आणि आतल्या कोपऱ्यांत पोचावा म्हणून जोर लावला की बाहेरच्या बाजूला ओघळ येतो. मी दर्शनी बाजूपासून सुरुवात केली होती. बापू बाजूला मोड्यावर बसून बघत होते. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आधी काखा मार, मग छाती. गणपतीला आम्ही तसंच करतोय. काखेत राहिला म्हणून मागनं गेलास, तर छातीवर डबल बसतोय."

त्या एका वाक्यानं काम बदललं. आधी सगळे आतले कोपरे, सांध्यांचे बगल, पाइपची खालची बाजू, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी. मग फ्रेम तारेवर फिरवून बाहेरची बाजू लांब सरळ हातानं. गन वस्तूच्या बाहेर सुरू करायची, वस्तूवरून न्यायची, बाहेर गेल्यावर सोडायची. अंतर वीतभर. मनगट वळवायचं नाही, आख्खा हात न्यायचा. बापूंचा हात मी बघत राहिलो. पन्नास-एक वर्षांत किती सोंडांवरून गेला असेल तो.

एक ओघळ तरी आलाच, पुढच्या खालच्या पाइपला. आणि जे करू नये ते मी केलं, बोटानं पुसला. ओघळ मोठा झाला आणि माझ्या अंगठ्याचा ठसा आला. ओघळ आला की गप्प बसायचं असतं. दोन दिवस वाळू द्यायचा, मग लाकडी पट्टीला ८०० चा पेपर गुंडाळून फक्त तो उंचवटा घासायचा.

जे घरी केलं नाही

एनसीचा अवगुण म्हणजे पेट्रोल. टू-स्ट्रोकच्या छोट्या टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल ओतताना चार थेंब सांडणारच. आईच्या झाकणांनी पुन्हा साक्ष दिली. एकावर पिवळा आणि वर स्प्रेच्या डब्यातला साधा क्लिअर, म्हणजे बिनरंगी वरचा थर. पेट्रोलचा थेंब टाकून मिनिटभर थांबलो आणि नख लावलं तर नख रुतलं. दुसऱ्यावर हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, एका गॅरेजमधून मारून आणलेला. त्यावर पेट्रोलचा बोळा दहा मिनिटं ठेवला. पुसला. काही नाही.

तेव्हा क्लिअर पीयूचाच, हे ठरलं. पण तो मी घरी मारला नाही, आणि या सगळ्या प्रकरणात डोकं ठिकाणावर ठेवून घेतलेला निर्णय कुठला असेल तर हा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढं अगदी थोड्या मात्रेनंही त्रास होतो. वास येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण वास कळायच्या आत मात्रा होऊन गेलेली असते. करोनातला कापडी मास्क यात शून्य कामाचा. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचणारा बूथ लागतो, आणि आमच्या पडवीला लागून आईची खोली आहे. फ्रेम, टाकी, चिमटा आणि मडगार्ड सरळ बूथ असलेल्या गॅरेजला दिले. एनसीवर पीयू चालतो, फक्त खालचा पूर्ण वाळलेला पाहिजे आणि पहिला हात पातळ, एवढं त्यांना सांगितलं. ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तेही कळलं.

एनसी आणि स्प्रेचे डबे तरी काही तुळशीचं पाणी नाही. कार्बनचे कार्ट्रिज असलेला मुखवटा मी दोन्ही फेऱ्यांत वापरला. भाच्याला रंग मारताना आत पाठवलं, फक्त पहिल्या रविवारी नाही, आणि ती चूकच होती. डब्यातला दाबवायू बहुधा एलपीजीच असतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. पडवीच्या दारापासून देवघर आठ फुटांवर, तिथं समई, आणि न्हाणीघरात गॅसचा गिझर. रंगाच्या दिवशी दोन्ही बंद. आईनं समईबद्दल तोंड वाकडं केलं, पण तिनं सकाळी लवकर पूजा उरकली.

सायलेन्सरवर साधा रंग टिकत नाही, जळतो. त्याला ६०० अंशांचा हीट पेंट मारला. तो इंजिन तापवून-थंड करूनच पक्का होतो, आणि त्यात सिलिकॉन असल्यामुळं तो बाकी सगळं रंगवून झाल्यावर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मारला. माशाचे डोळे तेवढे बघायचे राहिले होते, तेही नको होते.

जोडणी

क्लिअर मारून आलेले भाग आठ दिवस कपड्यावर पडून होते. जोडताना इंजिन बसतं त्या पट्ट्यांवरचा रंग मी खरवडून काढला. रंगाच्या थरावर बोल्ट आवळला की थर दाबाखाली हळूहळू बसतो आणि बोल्ट आपोआप ढिला होतो. हे मला रोजच्या कामामुळं माहीत होतं. भाच्याला ते पटलं नाही. एवढ्या दिवसांची मेहनत मामा ब्लेडनं काढतोय म्हणून तो ताईकडं तक्रार घेऊन गेला.

खंडेनवमीला संध्याकाळी शेतात गाडी पहिल्यांदा सुरू केली. चौथ्या दोरीला इंजिन धडधडलं, निळा धूर, पोराचा आरडाओरडा. पाचेक मिनिटांनी मी हँडलवरचं किल स्विच दाबलं. इंजिन चालूच. पुन्हा दाबलं. चालूच. दाजी मागं सरकले. शेवटी प्लगची टोपी जाड कापडानं ओढून काढली तेव्हा शांतता झाली.

स्विच चांगलं होतं, वायरी चांगल्या होत्या. या इंजिनांत स्विच दाबलं की कॉइलची वायर फ्रेमला टेकते, ठिणगीची वीज फ्रेममध्ये जाते आणि इंजिन थांबतं. अर्थिंगची गोल चकती मी फ्रेमला बोल्टनं आवळली होती, पण फ्रेमच्या आणि चकतीच्या मधे बापूंच्या देखरेखीखाली मारलेले सहा-सात थर उभे होते. बोल्टचं भोकही आतून रंगवलेलं. इंजिनाच्या पट्ट्या खरवडल्या त्या जोरावर तिथून तरी अर्थ मिळायला हवा होता. पण इंजिनाखाली रबराची बुशिंग होती. बोल्ट ढिला होण्याचा विचार केला होता, विजेचा केलाच नव्हता.

चाकूनं पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा खरवडली, चकती चकचकीत लोखंडावर आवळली, वरून थोडं ग्रीस. स्विच दाबलं, इंजिन थांबलं. पुन्हा तीनदा करून बघितलं.

भाचा टॉर्च धरून उभा होता. खरवडलेल्या जागेच्या कडेला थर उघडे पडले होते, झाडाच्या बुंध्यावरच्या वर्तुळांसारखे: काचेसारखा क्लिअर, पिवळा, पांढरा, राखाडी, आणि मधे लोखंड. वेल्डच्या मण्यालगत एका बारीक खड्ड्यात, राखाडीच्याही खाली, मोहरीएवढा एक तांबडा ठिपका होता.

"मामा, ह्ये तांबडं कशाचं?"

"श्रावणातलं," मी म्हणालो. "राहू दे. वाळलंय आता."

दसऱ्याला झेंडूची माळ हँडलला बांधली. टाकीवर हळदीकुंकू ताईनं लावलं, आणि पिवळ्यावर हळद दिसेना म्हणून कुंकूच जरा जास्त लावलं.